घडीच्या शेगडीवरचा हुरडा

भुजंगरावांना राग आला होता तो आगटीचा. आता आगटीचा कुणाला राग येतो का? पण यांना आला. शेतात खड्डा करायचा, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात ज्वारीची कणसं खुपसायची आणि राख फुंकत फुंकत हुरडा खायचा. तोही कुणी, तर जिल्ह्याच्या साहेबांनी? साल त्र्याऐंशी उजाडलं, घरोघर गॅस यायला लागला (यांच्या घरी नव्हता, नंबर लागायचा होता), आणि आपण अजून राखच खायलोय म्हणजे काय?

चिडीला कारण होतं. दोन वर्षं भुजंगराव परभणीहून पालमच्या कचेरीत एसटीनं जाऊन-येऊन कारकुनी करत होते. जाताना उभं, येताना उभं; कंबरेचा काटा ढिला झाला होता. परभणीत एक टेबल रिकामं होणार होतं आणि बदलीच्या कागदावर सही करणारे दिनकरराव साहेब पौषात दोन दिवस पालमला कॅम्पवर येणार होते. राहुटी पडणार भुजंगरावांचा मेव्हणा आश्रुबा याच्या शेतात. साहेब हुरड्यावर खूश झाले की बदली पक्की.

म्हणून त्यांनी हैदराबादहून शेगडी आणली. लोखंडाची पेटी, घडीचे चार पाय, आत कोळसा, वर जाळी. बायको मनकर्णाबाईंनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"ह्याच्यावर हुरडा? दाणे खाली पडतेत की."

"शिकलेल्या माणसाच्या कामात बोलू नको."

आधी घरी भरताचं वांगं लावून पाहायचं ठरलं. थंडी म्हणून खिडक्या बंद, दार बंद. कोळसा धुमसला आणि धूर माळवदाला लागला. वांगं वरून कोळसा, आतून कच्चं. शेजारच्या नर्मदाबाईंनी फटीतून धूर पाहिला, दार ढकललं आणि इकडंतिकडं न बघता घागरभर पाणी ओतलं. शेगडीवर निम्मं, भुजंगरावांवर निम्मं.

"आग लागली वाटलं बाई मला," त्या म्हणाल्या.

भुजंगराव थंडीत कुडकुडत दोन तास नर्मदाबाईंना, वांग्याला आणि त्या वांगं विकणाऱ्या माळणीला बोल लावत बसले. शेगडीला मात्र एक शब्द नाही.

कॅम्पच्या दिवशी त्यांनी शेतात हुकूम सोडला, आगटी पेटवायची नाही. आश्रुबाचं तोंड उतरलं.

"दाजी, मानसं बारा हायेत. ह्याच्यावर पाच कणसं मावायलीत. सांज व्हईल की."

"होऊ दे. पण राख नको."

साहेब पांढऱ्या टेरिलीनच्या शर्टात सतरंजीवर बसले. सकाळीच पाणी दिलेलं रान, काळी माती. शेगडीचा एक पाय हळूहळू आत जायला लागला आणि पाचातली तीन कणसं घरंगळून चिखलात गेली. उरलेली दोन करपली. साहेबांनी एक चोळलं, तर निम्मे दाणे काळे, निम्मे हिरवेगार, आणि त्यातला चीक उडून शर्टावर. सुटलेले दाणे भाजून काढू म्हणून भुजंगरावांनी ते जाळीवर टाकले. ते सगळे खाली कोळशात गेले. हे बायकोनं महिनाभर आधी सांगितलं होतं, याचाच त्यांना जास्त संताप आला.

तासाभरात साहेबांच्या पोटात एकूण सोळा दाणे गेले असतील. त्यांनी शर्टावरचा डाग रुमालानं घासला आणि म्हणाले, "भुजंगराव, तुम्ही कॅम्पच्या कामाचे नाहीत. तुम्हाला बाहेर ठेवणं म्हणजे खात्याचा तोटा. पुढच्या महिन्यात परभणीला या, चार भिंतींच्या आत टेबलाशी बसा."

भुजंगरावांचे कान तापले. बारा माणसांत असा अपमान? ते उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की अरे, ही तर बदली. त्यांनी तोंड मिटलं. शेगडीकडे त्यांनी इतक्या मायेनं पाहिलं की आश्रुबाला वाटलं, दाजीला ऊन लागलं.

तेवढ्यात बांधाआडून मनकर्णाबाई आल्या. हातात सूप, सुपात वाफाळता हुरडा, बाजूला जवसाची चटणी, गूळ आणि दही. नवऱ्याला पंधरा वर्षं ओळखत असल्यामुळं त्यांनी बांधापलीकडे सकाळीच गुपचूप आगटी पेटवली होती.

भुजंगराव आडवे आले. "कशाला आणलं? साहेबांचं झालंय खाऊन."

"काय झालंय? उपाशी हायेत ते."

"अगं, राख असती त्याला. साहेबांना सोसायची नाही. परत ने म्हणतो ना."

"व्हा बाजूला. घरी आलेल्या मानसाला उपाशी धाडायलाव, लाज हाय का न्हाई?"

साहेबांनी हात पुढं केला. एक मूठ, दोन मुठी, मग सूपच मांडीवर घेतलं. नाकाला राख लागली, शर्टाला लागली, तरी साहेब थांबेनात. भुजंगराव शेजारी उभे राहून एकेक मूठ मोजत होते आणि प्रत्येक मुठीसरशी परभणीचं टेबल लांब लांब जात होतं.

शेवटी साहेबांनी ढेकर दिली, हात झटकले.

"वा, वहिनी. असा हुरडा जन्मात खाल्ला नव्हता. मघाचं माझं बोलणं विसरा, भुजंगराव. पालमला तुमच्यासारखंच माणूस पाहिजे. मी या जिल्ह्यात आहे तोवर तुम्हाला इथून हलवत नाही, अन् दर पौषात कॅम्प याच शेतात."

मनकर्णाबाईंनी पदर सावरून नवऱ्याकडं अभिमानानं पाहिलं. भुजंगरावांना कसंबसं बोलता आलं, "साहेब, पण माझी कामाची पद्धत... मघाशी तुम्हीच..."

"त्याची काळजी नको," साहेब जीपकडं निघता निघता म्हणाले. "तुम्हाला काही करायचंच नाही. तुम्ही फक्त वहिनींना घेऊन येत जा."