साडेसोळा सेंटिमीटर बर्फ

बर्फानं पंधरा सेंटिमीटर जाडी धरली, तर हेसेल बोत्स्माच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, आल्डेमारच्या पुलापासून पवनचक्कीच्या वळणापर्यंतचा कालवा त्याच्या ताब्यात होता, तो 'सात गावांच्या शर्यती'त स्केटिंग करणाऱ्यांकडून एकदाही काठावर न चढता सलग पार होणार होता. दोन, पुढच्या टप्प्याच्या बर्फाची देखरेख करणारा बर्फमास्तर रिन्स, म्हणजे हेसेलचा मेहुणा, निदान पुढच्या कडक हिवाळ्यापर्यंत गप्प बसणार होता. आणि तीन, बायको मिंके त्या हिरव्या गालिच्याचं नाव काढायची थांबणार होती. तिसरी गोष्ट मिळत असती तर हेसेलनं पहिल्या दोन्ही आनंदानं सोडल्या असत्या.

हिरव्या गालिच्याची गोष्ट मागच्या शर्यतीची. त्या वेळी हेसेलचे केस अजून पिवळे होते. नाशपातीच्या झाडापाशी बर्फ कच्चा निघाला, आणि कच्च्या बर्फावर एकच उपाय असतो: स्पर्धकांनी काठावर चढायचं, स्केट्स न काढता पाती घालूनच तुरूतुरू चालत जायचं आणि पुढं परत कालव्यात उतरायचं. पाती बोथट होऊ नयेत म्हणून वाटेवर काहीतरी अंथरावं लागतं. हेसेलनं घाईघाईत घरातला गालिचा अंथरला. तो मिंकेच्या आईचा होता. त्यावरून तीन हजार माणसं पोलादी पात्यांनी चालत गेली. संध्याकाळी जे घरी परत आलं त्याला मिंके गालिचा म्हणायला तयार नव्हती. पुढं तिनं हौसेनं एक निळा गालिचा घेतला, तरी हिरव्याचं सुतक काही फिटलं नाही. "गार लागतंय, नाही?" असं ती दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणायची, शेगडी रसरसलेली असतानाही.

यंदा थंडी पडली ती मनापासून पडली. बदकं पुलाखाली गोळा झाली, पवनचक्कीची पाती गोठून उभी राहिली आणि हेसेलनं माळ्यावरून गिरमिट काढलं. पुलापाशी भोक पाडून त्यानं पट्टी आत घातली. साडेपंधरा. तो घरी आला तोच छाती काढून.

"नाशपातीच्या झाडापाशी मोजलंस का?" मिंकेनं विचारलं.

"पुलापाशी साडेपंधरा आहे. तिथं त्याहून कमी कसा असेल?"

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास."

माणूस चाळीस वर्षं पुलाचा रखवालदार होता. काठीच्या टोकाला लाकडी जोडा बांधून, तो होडीपर्यंत लांबवून त्यात त्यानं होडीवाल्यांकडून पुलाचा कर घेतला होता, आणि कधी एकाही होडीवाल्यानं त्याच्यावर अविश्वास दाखवला नव्हता. आता बायको दाखवत होती. हेसेल कॉफी अर्धी टाकून उठला, झाडापाशी गेला आणि काठालगत भोक पाडलं. साडेपंधरा. मिंकेला बोलावून पट्टी दाखवली. तिनं चष्मा लावून पाहिली आणि "बरं" म्हणाली. पण 'बरं' कसं म्हटलं जातं यावरही बरंच काही असतं.

खरी आग लावली ती अध्यक्षांच्या फोननं. शर्यतीच्या मंडळाचे अध्यक्ष आउके हे मोठे शांत गृहस्थ. ते म्हणाले, "हेसेल, साडेपंधरा म्हणतोस, चांगली गोष्ट आहे. पण रिन्स म्हणतो की तुझ्याकडं अकराच्या वर नाही."

"अकरा?"

"तसं तो म्हणाला."

"त्यानं मोजलं कधी? लांबून बघून? माझा बर्फ काय वास घेऊन मोजतात?"

"चिडू नकोस. पाणी कुणाच्या सांगण्यावरून गोठत नाही."

हेसेलनं रिन्सला तिथल्या तिथं बोलावून घेतलं. रिन्स आला, साखरपावाचा तुकडा चघळत. मेहुणा असल्यामुळं दाजींचा मान त्यानं कधी मोडला नव्हता. मान ठेवूनच तो माणसाला रडवायचा.

"दाजी, मी आपलं मंडळाच्या काळजीपोटी बोललो."

"हे भोक बघ. घाल पट्टी."

"हे तर तुम्ही आधीच पाडून ठेवलंय. दाजी, शिळं भोक दाखवून मला काय कळणार? रात्री बादलीभर पाणी ओतून ठेवलं असेल तर?"

हेसेलचे कान लाल झाले. त्यानं गिरमिट रोवलं आणि हातभर अंतरावर रिन्सच्या डोळ्यांसमोर ताजं भोक पाडलं. साडेपंधरा.

"काठाला असेलच की," रिन्स म्हणाला. "थोडं आत?"

आणखी एक. साडेपंधरा.

रिन्स गेला, पण जाताना बेकरीत थांबला. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला डुर्क पिठाच्या हातांनीच आला. "मला काही शंका नाही हो हेसेल. पण गिऱ्हाइकं विचारतात, मी काय सांगू?" डुर्कला ताजं भोक मिळालं. मग पाद्रीबुवा आले. त्यांचा विश्वासावर विश्वास होता, तरी शर्यतीच्या सकाळी प्रार्थना त्यांनाच करायची असल्यामुळं खात्री हवी होती, म्हणून एक. आणि चष्म्यावर बाष्प जमल्यामुळं पहिल्यांदा पट्टी नीट दिसली नाही, म्हणून दुसरं. चर्चच्या गायनवृंदातल्या बायका आल्या. त्यांच्यातल्या तिघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळं तिघींना वेगवेगळी तीन. रिन्स मधूनच पुन्हा दोनदा येऊन गेला. "दाजी, कालचा बर्फ आज राहतो थोडाच?"

शिळं भोक दाखवायचं नाही, हा हेसेलचा आता बाणा झाला होता. आणि वाकडंतिकडं काम त्याच्या जिवाला खपत नसल्यामुळं भोकं कुठंही पाडून चालणार नव्हतं. त्यानं झाडाला दोरी बांधून ती समोरच्या काठाच्या खुंटीपर्यंत ताणली आणि त्या दोरीखाली, हातहात अंतर राखून, एकामागं एक भोकं नेली. उघड्या भोकात कुणाचं पातं अडकून पाय मोडू नये म्हणून प्रत्येकात पेंढ्याचा बोळा खुपसला आणि वर तांबडी चिंधी लावली. पेंढ्याखाली पाणी लवकर गोठत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. हेसेललाही ठाऊक होतं. पण त्या दिवसांत त्याच्या डोक्यात एवढंच होतं की चिंध्यांची रांग सरळ दिसते की नाही. दिसत होती. फार सुरेख दिसत होती.

येणाऱ्या प्रत्येकाला मिंके कॉफी द्यायची, सोबत एक बिस्किट. डबा उघडून एक बिस्किट काढायचं आणि झाकण पुन्हा गच्च लावायचं. कप विसळताना एकदा तिनं खिडकीतून कालव्याकडं पाहिलं.

"हेसेल, पुरे आता. चाळण झालीय."

"चाळण? साडेपंधरा सेंटिमीटरची चाळण कुणी पाहिलीय? लोक माझ्या तोंडावर मला खोटं ठरवतात आणि तू चाळण म्हणतेस?"

"मी आपलं दिसलं ते म्हटलं."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मंडळाची माणसं सगळा मार्ग तपासत आली. अध्यक्ष आउके पुढं, मागं मंडळाची धिप्पाड माणसं, आणि त्यांच्याबरोबर रिन्स. बाकीच्या गावांचा मार्ग जमला होता. आल्डेमारचा टप्पा तेवढा राहिला होता. तो नापास झाला तर शर्यत आल्डेमारला बगल देऊन रिन्सच्या गावावरून जाणार होती. हेसेलनं रविवारचा कोट घातला होता.

आउके पुलापासून चालत आले. टाचा आपटून पाहत होते. झाडापाशी थांबून म्हणाले, "उत्तम आहे. सगळ्या मार्गात असा काळा, काचेसारखा बर्फ नाही पाहिला."

हेसेलनं रिन्सकडं पाहिलं. रिन्स आकाशाकडं पाहत होता.

इथं थांबला असता तर हेसेल जिंकला होता. पण दहा दिवसांचा अपमान असा एका वाक्यात भरून निघत नाही.

"असं नको, अध्यक्ष," तो म्हणाला. "मोजून जा. मागून कुणी अकरा म्हणायला नको."

"तू म्हणतोस तर मोजू. माझ्यासमोर एक ताजं पाड."

ओळीत आता एकाच भोकाची जागा उरली होती, पलीकडच्या काठालगत. हेसेलनं पाडलं. आउकेंनी पट्टी घातली, वाकून वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सोळाच्या वर."

"रिन्स, इकडं ये," हेसेल म्हणाला. "सगळेच या. असे जवळ उभे राहा, पट्टी नीट दिसू द्या. रिन्स, मार लाथ. मार, तुझ्या मनात संशय नको."

मंडळाची धिप्पाड माणसं दोरीखाली दाटीवाटीनं उभी राहिली. रिन्सनं दाजींचा शब्द मोडला नाही. त्यानं टाच आपटली.

टपालाच्या तिकिटांचा कागद भोकांच्या रेघेवरून जसा फाटतो, तसा बर्फ फाटला. झाडापासून खुंटीपर्यंत, दोरीखाली, तंतोतंत सरळ. आवाजही तसाच, फक्त मोठा. मंडळ उभं होतं ती कड हळूच खाली कलली, पाणी बुटांवरून आत शिरलं, आणि आउके गुडघ्याएवढ्या पाण्यात शांतपणे उभे राहिले. बुडालं कुणी नाही. एकमेकांच्या कोटांना धरून सगळे काठावर चढले. मागं राहिला तो एकटा हेसेल. तो तुटलेल्या कडेशी पाण्यात गुडघे टेकून बसला होता आणि पट्टी लावून जाडी मोजत होता.

"साडेसोळा!" तो ओरडला. "या, बघा. आता तर कड सबंध उघडी आहे. कुठंही मोजा. साडेसोळा."

"हेसेल, वर ये," आउके म्हणाले.

"बर्फ उत्तम आहे, अध्यक्ष. फक्त तुटलाय."

रिन्स पायमोजे पिळत म्हणाला, "दाजी, मी चुकलो. अकरा नव्हता."

हेसेल त्याच्याकडं गेला असता, पण मध्ये पाणी होतं.

आउकेंनी मिंकेच्या स्वयंपाकघरात शेगडीपुढं पाय धरून निर्णय दिला. एका रात्रीत ही भेग धरणार नाही. स्पर्धकांनी इथं काठावर चढायचं, झाडापासून भेगेच्या पुढपर्यंत अंथरलेल्या वाटेनं जायचं आणि परत उतरायचं. संध्याकाळपर्यंत वाट अंथरून तयार नसली, तर शर्यत आल्डेमारला येणार नाही. मंडळाच्या सतरंज्या आधीच इतर पुलांपाशी गेलेल्या.

तोवर बर्फ फाटल्याचा आवाज ऐकून डुर्क, पाद्रीबुवा, गायनवृंदातल्या बायका, सगळी मंडळी तिथं येऊन बसली होती. सगळे मिंकेच्या बैठकीतल्या निळ्या गालिच्याकडं पाहू लागले. नुसतेच पाहत राहिले, आणि ते मागण्यापेक्षा वाईट होतं.

"नाही," मिंके म्हणाली. वाटाण्याच्या सुपाचा डाव तिच्या हातात होता. "मागच्या वेळी मी एकटीनं दिलं. या वेळी ज्यानं भोक मागितलं त्यानं गालिचा द्यायचा. एका भोकाला एक."

"कुणी किती मागितली ते आता कोण सांगणार?" रिन्स म्हणाला.

"मी सांगते. प्रत्येक भोकामागं मी एक कप विसळलाय आणि एक बिस्किट दिलंय. बिस्किटं मी विसरत नाही. तुझी चार, रिन्स."

"ताई, मी तर मंडळाच्या काळजीपोटी..."

"चार. हॉलमधली सतरंजी, जिन्यावरची आणि तुमच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंची. तुझ्या बायकोला मीच फोन करते."

ती मोजत गेली तसतशी माणसं उठत गेली. डुर्क, पाद्रीबुवा, गायनवृंदातल्या तिघी. आउकेंनी ओले पाय मागं घेतले तेव्हा तिनं नुसतं त्यांच्या कपाकडं पाहिलं. संध्याकाळी नाशपातीच्या झाडापासून रंगीबेरंगी वाट पसरत गेली आणि भेगेच्या पुढं, जिथं पुन्हा बर्फात उतरायचं तिथं, एका गालिच्याएवढी जागा मोकळी राहिली.

"अकराच झाले," मिंके म्हणाली. "कुणीतरी चुकवतंय. भोकं बारा होती." तिनं हातातला डाव जमलेल्यांवर रोखला. "कोण आहे ते? माझं बिस्किट खाऊन आता तोंड लपवतंय?"

हेसेल गप्प राहिला असता तर बरं झालं असतं. पण चाळीस वर्षं त्यानं लाकडी जोड्यातली नाणी चुकवली नव्हती.

"पहिलं भोक," तो म्हणाला. "झाडापाशी मोजलंस का, असं तू विचारलं होतंस."

गावातली निम्मी माणसं तिथं उभी होती. मिंकेनं डाव खाली ठेवला. ती घरात गेली, आणि आतून टेबल सरकवल्याचा आवाज आला.

शर्यत झाली. पहिले आले ते वाऱ्यासारखे उडत गेले. मागच्यांनी हिंदकळत, एकमेकांना धरत गावातली सगळी नक्षी तुडवली. बर्फात उडी घेण्याआधी जो तो शेवटच्या निळ्या गालिच्यावर पाय रोवून जोर घेत होता. आल्डेमारचा टप्पा चुकला नाही.

आता कुणाचं काय गेलं ते. डुर्कच्या दुकानातली दारापुढची सतरंजी गेली. चर्चच्या मधल्या वाटेवरच्या गालिच्याचे दोन तुकडे गेले, त्यामुळं पाद्रीबुवांच्या बुटांचा आवाज आता प्रवचनाच्या वर ऐकू येतो. गायनवृंदातल्या तिघींच्या तीन गेल्या. त्या पुन्हा एकमेकींशी बोलू लागल्या, कारण तिघींनाही एकाच माणसावर चिडता आलं. मंडळाच्या टेबलावरचा गालिचा अध्यक्षांच्या खाती पडला. रिन्सच्या चार गेल्या, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना थंड फरशीवर पाय टेकताना त्याची बायको रोज सकाळी दाजींचं नाव न घेता काहीतरी म्हणते. मिंकेचा निळा गेला.

हेसेलचा काहीच गेला नाही. घरात त्याच्या नावाचा गालिचा नव्हताच. हिरवा तो आधीपासून ऐकत होता. आता रात्री जेवणानंतर निळा सुरू होतो.