काटे पुसणारा मुंगूस

एका जंगलात, बाळांनो, गणबा नावाचा एक मुंगूस राहायचा. बिळं उकरून उकरून तो कंटाळला. म्हणून बगळेसरांच्या वर्गात फोटोचं काम शिकायला गेला.

बगळेसर एका पायावर उभे राहून शिकवत. "फोटो काढणं सोपं. खरं काम पुढंच. आधी फोटो संगणकात उतरवा. मूळ फोटोला हात लावू नका, तो वेगळा जपा. मग त्याच्या प्रतीवर नको ते पुसा."

गणबाने सगळं पाठ केलं. नको ते म्हणजे काय, हे विचारायचं तेवढं राहिलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तानू साळिंदरीण. तिच्या रंगूला नदीपलीकडून स्थळ आलं होतं. अलीकडे साळिंदराचं दुसरं घर नव्हतं. हे मोडलं, तर रंगू एकटीच राहणार होती.

"गणबा, पोरगी आहे तशी दिसू दे रे."

"मावशी, आहे तशी ती तळ्यातही दिसते. मग मी शिकलो कशाला?"

त्याने मूळ फोटो जपून ठेवला. मग प्रतीवरचा एकेक काटा पुसला. रंगू सशासारखी मऊ झाली.

तानू घाबरली. पण तेवढ्यात मुलाचा फोटो आला. केरबा त्याचं नाव. तोही अगदी गुळगुळीत!

"अगं बाई, असल्या देखण्याला आपली रंगू कशी आवडायची?" म्हणत तिने तोच फोटो धाडला.

बघायचा दिवस आला. गणबाही फोटो काढायला हजर होता. पाहुणे करवंदीच्या जाळीत येऊन थांबले. बाहेर कुणी येईना.

"मुलीला आणा," जाळीतून आवाज आला.

"आधी मुलगा दिसू दे," तानू बिळातूनच म्हणाली.

रंगू भीतीने थरथरली. तिचे काटे खुळखुळ वाजले. तशी जाळीही खुळखुळली.

जाळीतून केरबाने डोकं काढलं. "तुम्हालाही काटे आहेत?"

"जन्मापासून," रंगू म्हणाली. "फोटोतले गणबादादांनी काढले. तुमचे कुणी?"

"आमचा फोटोवालाही बगळेसरांच्याच वर्गातला."

मग काय, दोघं हसली. काटे आणखी वाजले. तानूने कंदमुळांचं ताट पुढं केलं आणि लग्न ठरलं.

निघताना केरबा गणबाजवळ रेंगाळला. हळूच म्हणाला, "दादा, ती आहे तशी... असा एखादा फोटो आहे का?"

गणबाने जपलेला मूळ फोटो काढून दिला. तो अजून केरबाच्या उशाशी असतो. गुळगुळीत फोटो भिंतीवर आहेत. पिल्लं विचारतात, "आई, हे ससे कोण गं?"

"आहेत लांबचे नातेवाईक," रंगू सांगते.

तात्पर्य : फोटो खोटा असला तरी संसार सुखाचा होतो. फक्त तो दोन्हीकडून खोटा असावा.