त्रेपन्नावा शुक्रवार

बुधवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी कॉर्मॅक टूमीचा नीट बसलेला हिशोब विस्कटला, आणि त्याला कारण झाली त्याची सख्खी आई.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. डब्लिनमधल्या सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून कॉर्मॅक एकच काम करत असे. अमुक भत्ता तमुक युरोंनी वाढवला तर सरकारला केवढ्याला पडेल, असं कुणा खासदाराने संसदेत विचारलं की तीन दिवसांत लेखी उत्तर तयार करून द्यायचं. मागच्या वर्षी त्याच्या हातून एक शून्य गळलं होतं आणि मंत्र्यांना भर सभागृहात माफी मागावी लागली होती. पुन्हा असं झालं तर जुन्या फायलींच्या गोदामात बदली, असं त्याला बजावलं होतं. तेव्हापासून कॉर्मॅक प्रत्येक गुणाकार तीनदा करी आणि खिशात पित्ताच्या गोळ्या बाळगी.

या खेपेचा प्रश्न त्याच्याच गावाकडच्या, टिपरेरीच्या खासदाराचा होता. मॅटी हॅकेटने विचारलं होतं की म्हातारपणचं पेन्शन आठवड्याला पाच युरोंनी वाढवलं तर पुढच्या वर्षी किती खर्च येईल. सात लाख म्हातारे, पाच युरो, बावन्न आठवडे. अठरा कोटी वीस लाख झाले. अर्थखात्याने सव्वाअठरा कोटींवर एक छदाम मिळणार नाही असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पाच युरो जेमतेम बसत होते. येत्या मंगळवारी अर्थसंकल्पात घोषणा होणार होती. कॉर्मॅकने उत्तर वर पाठवलं, चहा घेतला, आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय रे, पाच मिळणार ना? रेडिओवाला म्हणतोय."

"आई, मला सांगता येत नाही. किती वेळा सांगू?"

"शाळेत काय झालं तेही तुला कधी सांगता यायचं नाही. बरं, ते मरू दे. लाहिफ खाटकाने पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आत्ताच वाटलंय. समोर नवं दुकान आलंय ना, धास्तावलाय बिचारा. मी बसल्या बसल्या पेन्शनच्या शुक्रवारांना गोल केले. त्रेपन्न झाले."

"बावन्न, आई."

"त्रेपन्न."

"वर्षात आठवडे बावन्नच असतात!"

"असतील तुमच्या डब्लिनात. इथे शुक्रवार त्रेपन्न आहेत. मी दोनदा मोजले, आणि शेजारच्या फिलोमिनानेही मोजले. तिला तर माझं चुकलेलं हवंच असतं."

कॉर्मॅकने घाईघाईने फोन ठेवला आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढून बोटाने मोजायला लागला. वर्ष शुक्रवारी सुरू होत होतं आणि शुक्रवारीच संपत होतं. पेन्शन मिळतं शुक्रवारी. म्हणजे सात लाख म्हाताऱ्यांना पाच युरो आणखी एकदा द्यावे लागणार, म्हणजे पस्तीस लाख जास्त, आणि अर्थखात्याची मर्यादा तीस लाखांनी ओलांडली. त्याने एक गोळी चघळली. मग दुसरी चघळली आणि साहेबीणबाईंच्या दारावर टकटक केली.

ऑर्ला गेरटी कधी आवाज चढवत नसत. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटे.

"मॅडम, एक शुक्रवार राहिला."

"कुठे राहिला?"

"माझ्या उत्तरात राहिला. पुढच्या वर्षी त्रेपन्न आहेत."

ऑर्लाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि सहाव्या मजल्यावर मंत्र्यांच्या कचेरीत गेल्या. अर्ध्या तासाने खाली आल्या. "मंत्र्यांच्या सल्लागाराने पाचाचे चार केलेत," त्या म्हणाल्या. "वेळेवर सांगितलंस हे बरं केलंस."

कॉर्मॅकची नोकरी वाचली होती. तरी त्याला पुढच्या दोन रात्री झोप आली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता आईने पोस्टाच्या रांगेतूनच फोन लावला.

"पाच आले ना, की मी सकाळी हीटर तासभर आधी लावणार आहे. स्वयंपाकघरात कोट घालून चहा प्यायचा कंटाळा आलाय बघ."

चार युरोंत आईला किती वाजेपर्यंत कोट घालून बसावं लागेल, हा हिशोब कॉर्मॅकच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या डोक्याचा राग आला.

"ऐकतोयस ना? ही फिलोमिना बघ, रडकुंडीला आलीय. म्हणते, नववर्षाला शुक्रवार आला, पोस्ट बंद, मग पेन्शनचं काय? मी म्हटलं, अगं बाई, पंधरा वर्षं पेन्शन घेतेयस, सुट्टी आली की आदल्या दिवशीच देतात हे ठाऊक नाही होय तुला?"

कॉर्मॅक खुर्चीतून उठला. "आदल्या दिवशी म्हणजे एकतीस डिसेंबरला?"

"मग काय बत्तीसला?"

"म्हणजे याच वर्षात!"

"ओरडतोस कशाला? सगळी रांग ऐकतेय."

पहिला शुक्रवार जुन्या वर्षाच्या खात्यात जात होता. पुढच्या वर्षात उरले बावन्नच. त्याचं मूळ उत्तर बरोबर होतं, आणि त्याने स्वतःच्या हाताने ते चुकीचं केलं होतं.

ऑर्लाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी बावन्न. मग त्रेपन्न. आता परत बावन्न. सोमवारी किती असतील, कॉर्मॅक?"

"बावन्नच, मॅडम."

"या वेळी मी वर जाणार नाही. तूच जा."

लिफ्टपाशी तो बराच वेळ उभा राहिला. गप्प बसला तर कुणाला काही कळणार नव्हतं. मंगळवारी चार युरो जाहीर होतील, लोक दोन दिवस कुरकुरतील आणि विसरतील. वर गेला तर गोदाम ठरलेलं. लिफ्ट दोनदा आली आणि दोनदा रिकामी गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याला आईचा तो कोट आठवला, कोपरावर विटलेला, आणि तो आत शिरला.

मंत्री सँडविच खात होते. सल्लागार शेजारी उभा होता.

"हे आदल्या दिवसाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" मंत्र्यांनी विचारलं.

"आईने, साहेब."

"खात्यातल्या कुणी नाही सांगितलं?"

"तिचं पेन्शन आपल्या खात्यातूनच येतं, साहेब."

मंत्र्यांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागाराने बुटांकडे पाहिलं. मग मंत्र्यांनी सँडविच खाली ठेवलं आणि स्वतःच फोन लावला.

"हॅलो, मम्मी? नववर्षाला शुक्रवार आला तर तुझं पेन्शन कधी येतं गं? ... हो, जेवतोय. ... हो, आतून गंजीफ्रॉक घातलाय. ... नाही, खोकला नाही."

त्यांनी फोन ठेवला. "बावन्न," ते म्हणाले. "पाच करा." आणि कॉर्मॅककडे न बघता त्यांनी सँडविच पुन्हा उचललं. गोदामाचा विषय निघाला नाही.

मंगळवारी पाच युरो जाहीर झाले. संध्याकाळी खासदार मॅटी हॅकेटने रेडिओवर सगळं श्रेय घेतलं, आणि तो बोलत असतानाच आईचा फोन आला.

"मिळाले रे पाच! मॅटीचे उपकार हो."

"मॅटीचे?" कॉर्मॅकला हे फारच लागलं. "त्याने काय केलं?"

"अरे, तो शनिवारी पबच्या मागच्या खोलीत बसतो ना लोकांची गाऱ्हाणी ऐकायला, मीच गेले होते. म्हटलं, पाच युरोंचा प्रश्न टाक बाबा संसदेत. पोरगा फोनवर काही बोलत नाही, पण संसदेत विचारलं की तीन दिवसांत लिहून द्यावंच लागतं त्याला."

कॉर्मॅकचा हात गोळ्यांच्या डबीकडे गेला.

"आई, तू..."

"बरं, दहाचं काय रे? दहा वाढवले तर जमेल सरकारला?"

"आई, मला सांगता येत नाही!"

"बरं बाळा, नको सांगूस," आई इतक्या गोड आवाजात म्हणाली की त्याला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढच्या सोमवारी त्याच्या टेबलावर नवा प्रश्न येऊन पडला. विचारणारे खासदार हॅकेट, वाढ दहा युरो, मुदत तीन दिवस. कॉर्मॅकने एक गोळी तोंडात टाकली. मग आईने पोस्टाने पाठवलेलं लाहिफ खाटकाचं कॅलेंडर ड्रॉवरमधून काढलं आणि पहिला गोल खोडून बाकीचे शुक्रवार मोजायला बसला.