साबणाचा हत्ती आणि बंदीचा शिक्का

कात्रीभाऊंनी त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं, की चहा यायच्या आत टेबलावरच्या साठच्या साठ तक्रारी उरकून टाकायच्या. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

कात्रीभाऊ हे नाव ऑफिसने ठेवलेलं. मुलांना अपाय होईल अशी इंटरनेटवरची चॅनेलं बंद करायचं सरकारी खातं, आणि त्यात हे कारकून. तक्रार वाचायची, चॅनेल उघडून बघायचं, शेरा लिहायचा, शिक्का मारायचा. (यातलं दुसरं काम त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. रोज साठ चॅनेलं बघितली तर माणूसच बिघडायचा!)

"आज एक केस आली, काय सांगू!" जेवताना ते म्हणाले. "अकरा वर्षांची पोर, हातात ही एवढी सुरी, आणि जवळ मोठं माणूस औषधालासुद्धा नाही. मी असा सणसणीत शेरा हाणला! 'मुलगी काय करते याचा बापाला पत्ता नाही. चॅनेल तत्काळ बंद.'"

बायको वाढता वाढता थांबली. "बापाला पत्ता नाही म्हणता?"

"अगं, असले बाप आहेत म्हणून तर सरकारला मध्ये पडावं लागतं. आम्ही नसतो तर ही पोरं कामातूनच गेली असती."

"बाबा," लेकीने हळूच विचारलं, "ती मुलगी सुरीने काय करत होती?"

"साबण कोरत होती म्हणे. हत्ती की काय तो."

लेक भरल्या ताटावरून उठली. आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं.

"अहो, तिचंच चॅनेल ते!" बायको म्हणाली. "आणि मोठं माणूस दिसणार कसं? फोन धरून आई बसलेल्या असतात समोर!"

"आठ महिने धरतेय," कात्रीभाऊंच्या आई म्हणाल्या. "हात भरून येतो माझा. पण पोरीला सुरी देऊन एकटं सोडायचं का?"

"आठ महिने! मला कुणी सांगितलं का नाही?"

"तीनदा सांगितलं. तीनदा 'हं' म्हणालास."

आतून हुंदका आला. "सोंड राहिली होती! एकेचाळीस जण वाट बघतायत!"

चॅनेल परत सुरू करायचा अर्ज कुठे मिळतो, हे कात्रीभाऊंइतकं कुणाला ठाऊक असणार? ते लगेच भरायला बसले आणि चौथ्या रकान्यात अडकले. 'पाल्य काय करते, ते पालकाने स्वतः बघून लिहावे.' त्यांनी चॅनेल उघडलं. हत्ती नव्हताच. त्या जागी त्यांचाच शेरा झळकत होता.

ते दाराशी गेले. "बाळा, हत्ती पायाकडून कोरतेस की पाठीकडून?"

"उघडून बघायचं होतं ना, बाबा."

शेवटी अर्ज लेकीनेच भरला. तीन दिवसांनी तो फिरत फिरत कात्रीभाऊंच्याच टेबलावर आला. 'पाल्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती' यापुढे लिहिलं होतं, आजी. 'मार्गदर्शन करणारी व्यक्ती' यापुढे, आई. बाबा सापडले ते पार खाली, 'घरात राहणारे इतर' या रकान्यात.

त्याखाली कारकुनासाठी एक ओळ होती. 'वरील माहिती खरी की खोटी?'

कात्रीभाऊंनी नोकरीत पहिल्यांदाच एक अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला, दोनदा वाचला, आणि लिहिलं, 'खरी. स्वतः खात्री केली आहे.'