येणं आणि देणं

पगाराच्या वसुलीला मी स्वतः जायचं ठरवलं.

टोकियोत, फुनाबोरी स्टेशनजवळच्या एका चिनी हॉटेलात माझी बायको सुनेत्रा पार्टटाइम वाढपाचं काम करते. मालक लिन-सान दोन महिने "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणून तिला टोलवत होते. त्या पगारातून तिला आईचं टोकियोचं तिकीट काढायचं होतं.

"मीच बोलते परत," ती म्हणाली.

"तू जपानीत बोलतेस. माणसाला त्याच्या भाषेत गाठायचं असतं!"

मी एका ट्रेडिंग कंपनीत थकबाकी वसुली बघतो. (ई-मेलवर. समोरासमोर मी रिक्षावाल्याकडूनही सुटे परत घेतलेले नाहीत.) चिनी गिऱ्हाइकांसाठी कंपनीने मला चिनीचा क्लास लावलाय. तिथे 'वो' म्हणजे मी, 'कुंगत्स' म्हणजे पगार आणि 'छ्येन' म्हणजे पैसे येणं असणं, असं मी पाठ केलं होतं. आणखी काय लागतं?

सुनेत्राला सोबत घेऊन हॉटेलात गेलो, तर लिन-सान नव्हते. मी सूट-टाय सावरत थेट किचनच्या दारात उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "वो छ्येन कुंगत्स!"

किचन चिडीचूप. (पहिलाच वार बसला!) म्हणून पुन्हा म्हणालो, आणखी जोरात. दोघा स्वयंपाक्यांनी गॅस बंद केला. थोरला झारा घेऊन पुढे आला, भराभर काहीतरी म्हणाला. मी मीटिंगमधल्यासारखी ठाम मान डोलावली. त्याने माझा टाय धरला.

"सुनेत्रा, काय म्हणतोय हा?"

तिने त्याला जपानीत विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, 'छ्येन' म्हणजे येणं नाही, देणं! 'पगार मी थकवलाय' म्हणून ओरडताय तुम्ही. यांचाही पगार झालेला नाही. तुम्हाला ते लिन-सानचे पार्टनर समजतायत!"

"मग सांग ना, मी नाही म्हणून!"

तेवढ्यात लिन-सान आले. बाहेर जेवणाऱ्यांची रांग लागली होती, आत गॅस बंद. सुनेत्रा शांतपणे जपानीत म्हणाली, "सगळ्यांचा पगार मिळेपर्यंत गॅस पेटणार नाही." दोन्ही स्वयंपाक्यांनी माना हलवल्या. (टायमुळे माझीही हलली.)

लिन-साननी रांगेकडे पाहिलं, गल्ला उघडला आणि तिथल्या तिथे तिघांचे पैसे मोजले.

"आणि हे कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे माझ्या घरी भांडी घासतात," सुनेत्रा म्हणाली. "बिनपगारी."

थोरल्या स्वयंपाक्याने टाय सोडला, हळुवार सरळ केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला न उमगणाऱ्या चिनी वळणाच्या जपानीत कळवळून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय," सुनेत्रा म्हणाली, "बाईंनी किती महिन्यांचं थकवलंय?"