सात गज तांबडा प्रकाश

"उद्या प्रकाशाची लांबी गजानं मोजून दाखवतो!" हिंगोलीच्या शाळेत किसनराव मास्तरांनी छाती ठोकून सांगितलं.

निजामाच्या राज्यात मास्तरकी करून केस पिकायला लागले, तरी नोकरी आपली कच्चीच! आणि सासऱ्यांनी बजावलं होतं, नोकरी पक्की झाल्याशिवाय नीलाबाई हट्टा गावच्या माहेराहून नांदायला येणार नाही. बिचारे मास्तर झुरत होते. उद्या तपासणीचे साहेब येणार, त्यांच्यावर छाप पाडायची, एवढंच डोक्यात होतं.

प्रकाशाच्या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांनी हजाराला एक गज असं प्रमाण धरलं. तांबड्या लाटेची लांबी एका पुस्तकात मिळाली, सात हजार. जांभळीची दुसऱ्या पुस्तकात, चारशे. झाला हिशेब! लाटेएवढ्या लांब कापडाच्या पट्ट्याच वर्गात अंथरायच्या म्हणून मास्तर कापडवाल्या अजीजभाईंकडे धावले.

"तांबडं सात गज द्या, अन् जांभळं अर्ध्या गजाला जरा कमी."

"तेवढ्यात लेकराचं झबलं बी न्हाई व्हत, मास्तर!"

"शास्त्रात घासाघीस चालत नसते, अजीजभाई!"

सकाळी तांबडी पट्टी अंथरली, तर वर्गात मावेना! दारातून निघाली ती ओसरी ओलांडून थेट पायरीपर्यंत. जांभळी मात्र टेबलावर हातरुमालाएवढी. मास्तर चपापले. पुन्हा दोन्ही पुस्तकं उघडली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. तांबडं मोजलं होतं अँगस्ट्रॉममध्ये, जांभळं मिलिमायक्रॉनमध्ये! एका मिलिमायक्रॉनचे दहा अँगस्ट्रॉम, म्हणजे चारशेचे चार हजार. जांभळं चार गज हवं होतं!

तेवढ्यात साहेब आलेच. पायरीपासून अंथरलेलं कापड पाहून ते जागीच विरघळले.

"पायघड्या? हमारे वास्ते? सुभानल्ला!" आणि बुटांसकट प्रकाशावरून चालत वर्गात शिरले.

मास्तर रडकुंडीला आले. "साहेब, चूक झाली! जांभळं कापड चार गज पाहिजे होतं!"

"तो घबराते कायकू? वो जाते वक्त बिछाना!"

धडा ऐकायची साहेबांना गरजच वाटली नाही. नोकरी तिथल्या तिथं पक्की! मास्तरांनी हट्ट्याला सांगावा धाडला. नीलाबाई बोचकं घेऊन हरखून आल्या, तर नवरा वळकटी बांधून दारात उभा.

"कुठं निघालात?"

"साहेबांसंगं दौऱ्यावर."

"काहून? नोकरी पक्की झाली म्हणलात ना?"

"झाली की," मास्तरांचे डोळे भरून आले. "गावोगाव साहेबांच्या पुढं पायघड्या घालायची!"

"अन् माघारी कवा?"

"साहेबांची पेन्शन झाली की!"