केदू मास्तरांनी न पाहिलेला समुद्र

सन १९३६च्या मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, आमच्या नाशिकात केदू मास्तरांना भूगोलात नापास करण्यात आले. बावीस वर्षे तोच भूगोल शिकवल्याची ही शिक्षा असावी.

मी त्यांचा जुना विद्यार्थी. पाहिल्याशिवाय मास्तर काहीही खरे मानत नाहीत. कोणी म्हणाले, "मास्तर, रामकुंडावर पाणी चढलंय," की चष्म्यावरून प्रश्न येतो, "पाहिलंय का ऐकलंय?" ऐकले असेल तर मास्तर चपला घालतात आणि पाहून येतात. एकदा सासऱ्यांनी आपले वय सांगितले, तर यांनी पत्रिका मागितली. त्या वर्षी दिवाळसणाचे बोलावणे आले नाही.

गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, उगम शिकवायचा म्हणून त्यांनी आमचा अख्खा वर्ग ब्रह्मगिरीवर चढवला होता. खाली नांदूरपर्यंत ते स्वतः काठाकाठाने चालत गेले आहेत. त्यापुढची नदी शिकवताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. "असं पुस्तकात हाय बरं का," म्हणत.

आता हुकूम निघाला, की ज्यांच्याजवळ ट्रेनिंगचा दाखला नाही त्यांनी आपल्या विषयाची तोंडी परीक्षा द्यावी. नापास झाल्यास उन्हाळ्यानंतर जागा दुसऱ्याला. परीक्षकसाहेबांनी विचारले, "गोदावरी कोठे जाऊन मिळते?"

"नांदूरपर्यंत पाहिलीय साहेब. पुढं समुद्राला मिळते, असं पुस्तकात हाय."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"नाय. तुम्ही पाहिलंय का?"

साहेबांनी पाहिले नव्हते. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि पुढचा प्रश्न टाकला, समुद्राचे पाणी कसे असते? मास्तर खुलले. "खारट! हे मात्र चाखलंय." असे म्हणून त्यांनी कोटाच्या खिशातून औषधाची एक बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि साहेबांना जीभ बाहेर काढायला सांगितले.

शेरा पडला : "विषयाचे ज्ञान अपुरे. वर्तन उद्धट."

त्याच संध्याकाळी मी फेरपरीक्षेचा अर्ज लिहून मास्तरांपुढे धरला. "सर्व नाशिककर जाणतात की," अशी दणदणीत सुरुवात केली होती. मास्तरांनी ती ओळच खोडली.

"सगळ्यांना विचारून आलास? लय घाई तुला."

मग मी बाटलीबद्दल विचारले.

माझ्या आधीच्या एका वर्गात तांबटाची चंद्री होती. समुद्र खारट असतो असे मास्तर शिकवत असताना ती उभी राहिली. "मास्तर, चाखलंय का ऐकलंय?" वर्ग खो खो हसला आणि मास्तरांनी तिला छडी मारली. बावीस वर्षांत मारलेली ती एकच छडी. पुढे चंद्री लग्न होऊन अलिबागेकडे गेली. पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती थेट शाळेत, ही बाटली घेऊन. "मी चाखलंय मास्तर. आता तुम्ही चाखा."

तेव्हापासून दरवर्षी समुद्राचा धडा आला की मास्तर गवताची काडी बाटलीत बुडवून प्रत्येक पोराच्या जिभेला लावतात. मलाही लावली होती. खारट होते, मी साक्षीदार आहे. आता बाटलीत बोटभर पाणी उरले आहे.

"मग तिलाच सांगा की आणखी पाठवायला," मी म्हणालो.

मास्तर बुचाभोवती मेण लावत होते. बराच वेळ लावत राहिले.

"बाळंतपणात गेली म्हणतात," ते म्हणाले. "ऐकलंय. पाहिलेलं नाय."

वाचकहो, येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता केदू मास्तर शाळेच्या ओट्यावर भूगोल शिकवणार आहेत. परीक्षकसाहेबांनाही कळवले आहे. अर्जावर मला तुमची सही पाहिजे. पण हे नुसते वाचून सही कराल तर मास्तर ती खोडतील. तेव्हा या, समोर बसा, जीभ बाहेर काढा, आणि मग सही करा.